आयर्लंडची पोथी

"डोळे मीट, अन् मंग मार. कपची उडती."

मोतीचा कधीकाळचा आवाज कानात आला आणि नीलाबाईंनी डोळे मिटून गुळाच्या ढेपेवर बत्ता हाणला. ढेप फुटली. एक खडा उडून थेट शितलच्या मोबाइलवर जाऊन पडला.

"आई, तुमी गूळ फोडताना डोळे काहून मिटता हो? एखाद्या दिवशी बोट सापडंल बत्त्याखाली."

"लहानपणची खोड हाय," नीलाबाई म्हणाल्या आणि सांडलेले खडे ताटात वेचू लागल्या. 

शितल त्यांची धाकटी सून, बालाजीची बायको. हिंगोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. सेनगावहून पहिल्या एसटीनं जायची आणि दुपारी उन्हातून तोंडाला ओढणी बांधून परत यायची. तिकडं आयर्लंडमध्ये नर्स पाहिजेत म्हणून तिनं इंग्रजीची परीक्षा दिली होती. पासही झाली होती. आता कागद यायचे होते. आधी ती जाणार, वर्षभरानं बालाजी जाणार, असं घरात ठरलेलं. जिथं जायचं त्या मुलखाची थोडी माहिती असावी आणि इंग्रजी कानावर पडत राहावं, म्हणून तिनं मोबाइलवर एक फुकटचा कोर्स लावला होता. आयर्लंडचा इतिहास, सहा आठवडे. आपलं पक्कं होतंय का ते बघायला ती प्रत्येक धडा सासूला मराठीतून सांगायची.

पहिल्या दिवशी नीलाबाई तूर निवडता निवडता ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि पाटावर येऊन बसल्या. बसून, वाचून, समजावून सांगितलं जातं ती पोथी, एवढं त्यांना ठाऊक. आठवड्याला त्या अध्याय म्हणू लागल्या. अध्याय चालू असताना उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि संपला की मोबाइलमधल्या चष्मेवाल्या मॅडमना हात जोडायचे.

"आई, त्यांना दिसत न्हाई तुमी हात जोडलेले."

"त्यांला न्हाई दिसले तरी मला दिसत्यात की."

शेजारच्या सेवाबाईला हे कळलं, तेव्हा तिनं भिंतीवरूनच विचारलं, "काय वो नीलाबाई, तुमी बी निघाल्या का इंग्लंडला?"

"इंग्लंड न्हाई बाई, आयर्लंड. त्यांचं आपसात पटत न्हाई."

नीलाबाईंचे नेम गल्लीला माहीत होते. सोमवार, प्रदोष, चतुर्थी. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात चहासुद्धा नाही. पण त्यांचा एक नेम कुठल्याच पोथीत लिहिलेला नव्हता. जेवायला बसल्या की मूठभर अन्न आधी ताटाबाहेर काढून ठेवायच्या. उपास असला तर बटाट्याची फोड. जेवण उरकलं की ते तुळशीच्या कट्ट्यावर जायचं आणि चिमण्या खायच्या. घरातल्यांना वाटायचं, चिमण्यांसाठीच असतं.

तिसरा अध्याय सोमवारी आला. नीलाबाईंचा उपास होता.

"त्या वक्ताला तिथली गरीब माणसं निस्त्या बटाट्यावर जगायची," शितल सांगू लागली. "सकाळी बटाटा, रातच्याला बटाटा."

मध्ये बोलायचं नाही हा नियम होता, तरी नीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी रोजचाच उपास व्हता त्यांचा?"

शितलला हसू आलं. ते अर्ध्यातच विरलं. "तसंच म्हना."

"कोन्त्या देवाचा?"

"देवाचा न्हाई, आई. जमीन दुसऱ्यांची. ह्यांच्या वाट्याला एवढा एवढा तुकडा. त्यात पोट भरंल असं दुसरं काही पिकतच नव्हतं."

मग बटाट्यावर रोग पडला. वावरंच्या वावरं काळी झाली, खणून काढलेला बटाटा हातात सडू लागला. माणसं गेली, लाखांनी गेली. शितल भाषांतर करत होती आणि पुढचं पाहून तिचा आवाज हळू हळू बारीक होत होता. "मंग सरकारनं काम काढलं. फुकट खायला द्यायचं न्हाई म्हनून गिट्टी फोडायला लावली, रस्ते करायला लावले. बाया, लेकरं, सगळे."

पडद्यावर एक जुनं रेखाचित्र आलं. दगडांच्या ढिगापाशी बसलेल्या बाया, आणि त्यांच्यात हातोडी उगारलेली एक मुलगी.

नीलाबाई पुढं वाकल्या. "ही पोरगी डोळे उघडे ठिवून मारून राहिली. कपची जाईल डोळ्यात. हिला सांगनारं कुनी नव्हतं का?"

शितलनं मोबाइल थांबवला. तिनं सासूकडं पाहिलं, मग गुळाच्या बत्त्याकडं.

"चालू दे," नीलाबाई म्हणाल्या. "मधी थांबू न्हाई."

पुढं एक फोटो होता. हिरवा डोंगर आणि त्यावर चढत गेलेला दगडी रस्ता. अर्ध्या चढावर तो एकदम संपलेला.

"म्होरं काय हाय?"

"काहीच न्हाई. मॅडम म्हणतात, असे लई रस्ते केले तिथं. कुठंच न जानारे. कामाला काम म्हनून."

नीलाबाई पाटावरून उठल्या. अध्याय अर्धा सोडून त्या न्हाणीत गेल्या आणि कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पुन्हा पाटावर बसल्या आणि आपण होऊन बोलू लागल्या.

बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. थोरली बहीण मोती चौदाची. माहेर औंढ्याच्या अलीकडं, फाट्यापासून आत. विहिरी आटल्या, जनावरं सोडून दिली आणि सगळं गाव दुष्काळी कामावर गेलं. रस्त्याचं काम होतं. बाप माती वाहायचा, दोघी बहिणी गिट्टी फोडायच्या. हातोडी कशी धरायची, डोळे कधी मिटायचे, ते मोतीनंच शिकवलं.

"एक दिवस तिनं मुकादमाला इचारलं, हा रस्ता जातो कुठं? तो म्हनला, सिद्धेश्वरच्या धरनाला. तवापासून तिचं एकच. निले, रस्ता झाला का आपुन दोघी शेवटापस्तोर चालत जाऊ. लई पानी असतं म्हनं तिथं."

दुपारी कामावर सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाचा, गूळ-शेंगदाण्याचा कोरडा खाऊ. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाटीनं मोजून. उन्हाळ्यात मोतीला हगवण लागली. ती बाभळीखाली पडून होती. दोघींच्या वाटच्या दोन वाट्या घेऊन नीला तिच्याकडं निघाली.

 शितलनं नीलाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रस्त्यातच खाल्ली. माझी खाल्ली, अन् मंग तिची बी. ती बाभळीखालून बघून राहिली व्हती. म्या रिकाम्या वाट्या घेऊन गेली तर म्हनते, खाल्ली? बरं केलंस, मला गिळवत न्हाई. खोटं बोलली ती. तिला पाह्यजे व्हती."

"आई, हगवणीत तसंही..." शितलमधली नर्स बोलू पाहत होती.

"तू नर्स हायस, तुला ते बराबर ठावं. मला दोन वाट्या ठाव्या."

तिसऱ्या दिवशी मोती गेली. जाताना म्हणाली, तू जाऊन ये, निले, अन् कुठं जातो ते मला सांग. नीलानं जाईन म्हटलं. लग्न न झालेली पोर, म्हणून रस्त्याच्या कडेलाच पुरली. पुढं काम बंद पडलं, रस्ता अर्धाच राहिला. बापानं तिचं नाव पुन्हा काढलं नाही. नीलाचं लग्न ठरताना तर मुळीच नाही.

शितलनं न विचारता तुळशीकट्ट्याकडं पाहिलं. सकाळची बटाट्याची फोड चिमण्यांनी केव्हाच संपवली होती.

अध्यायाच्या शेवटी मॅडमनी शिकणाऱ्यांना एक प्रश्न विचारला होता. भुकेच्या दिवसांत बांधलेलं काही तुमच्याकडं अजून आहे का? चार ओळी लिहा. संध्याकाळी नीलाबाई सांगत गेल्या, शितल लिहीत गेली. बालाजी शाळेवरून आला आणि उभ्या उभ्याच वाचून म्हणाला, "आई, जगभरचे लोक वाचतात हे. आपण दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, हे कशाला सांगायचं? आपली काय इज्जत राहील?"

"इज्जतीचंच काम व्हतं, बाबा. भीक न्हाई मागितली आमी."

बालाजी खाली बसला. मग बूट काढता काढता हळूच म्हणाला, "मला मावशी व्हती, हे मला आत्ता कळलं, आई."

"नाव काय लिहू?" शितलनं विचारलं. "मोतीबाई?"

"निस्तं मोती लिही. बाई व्हायला टाइमच न्हाई भेटला तिला."

चार दिवसांनी उत्तर आलं. तिकडच्याच एका म्हातारीनं लिहिलं होतं. शितलनं ते दोनदा वाचून मग सांगितलं. "त्या म्हणतात, आमच्या गावावरच्या डोंगरातही असा रस्ता आहे. आम्ही वर्षातून एकदा त्याच्या शेवटापर्यंत चालत जातो. तिथं काही नाही, तरी जातो. अन् विचारतात..."

"काय इचारतात?"

"मोतीच्या रस्त्याच्या शेवटापर्यंत तुम्ही गेलात का?"

रस्ता पुराच झाला नाही, मग त्याचा शेवट कसला आणि वचन कसलं. या एका आडोशाला नीलाबाई बावन्न वर्षं बसून होत्या. माहेरी जायच्या तेव्हा फाट्यावर उतरून त्या रस्त्याकडं पाठ करून चालायच्या. आणि सातासमुद्रापलीकडच्या कुणा बाईनं तो आडोसा अगदी मायेनं बाजूला केला होता.

"काय उत्तर लिहू, आई?"

"आत्ताच नको. पोथी पुरी होऊ दे."

उरलेले अध्याय त्यांनी एकही न चुकवता ऐकले. माणसं देश सोडून जहाजात बसली, मागं राहिलेल्यांनी राज्याशी भांडण मांडलं, मग त्यांच्यातच भांडणं झाली. जहाजांचं आलं तेव्हा शितलचा आवाज अडखळला. तिचे कागद त्याच आठवड्यात आले होते. नीलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही, फक्त पाट जरा तिच्याजवळ सरकवला.

सहावा संपला. नीलाबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आता उद्यापन करावं लागंल. पोथी ऐकली अन् उद्यापन न्हाई केलं, तर फळ लागत न्हाई. कुमारिका जेवू घालायची."

"किती सांगू? सेवाकाकूची नात हाय, गल्लीतली पुनम हाय..."

"एकच हाय. तिला सांगावा लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गव्हाचं पीठ खरपूस भाजलं. शेंगदाणे कुटले. डोळे मिटून गूळ फोडला. सुकडीच्या दोन पुरचुंड्या बांधल्या, दोन्ही तळहातांवर घेऊन तोलल्या. एक हलकी वाटली तशी दुसरीतली चिमूटभर काढून तिच्यात घातली, पुन्हा तोलल्या.

"मी येते संगं," शितल म्हणाली. "रजा घेते. तुमचे गुडघे..."

"तू तिकडं गेल्यावर त्या बाईसंगं डोंगरावरचा रस्ता चाल. हिकडचा म्या चालते." मग पुरचुंड्या पिशवीत ठेवत म्हणाल्या, "अन् डब्यात सुकडी ठिवली हाय तुझ्यासाठी. इमानात नेऊ देतात ना?"

"देतात," शितल म्हणाली आणि घाईघाईनं आत गेली.

औंढ्याकडच्या एसटीतून नीलाबाई फाट्यावर उतरल्या तेव्हा नऊ वाजले होते. हरभरा काढून वावरं मोकळी झाली होती. माहेरची वाट उजवीकडं होती. त्या डावीकडं वळल्या. मोटारसायकलवरून दुधाची कॅन नेणाऱ्या एकानं गाडी हळू केली.

"मावशी, चुकल्या का? हिकडं गाव न्हाई कोन्तं. पुढं वावरात रस्ता संपतो."

"किती लांब असंल?"

"असंल दोन-अडीच किलोमीटर. पर तिथं काहीच न्हाई."

"व्हय," नीलाबाई म्हणाल्या. "तेच सांगायचं हाय एकीला."

त्याला काही उमगलं नाही. तो गेला. धूळ खाली बसेपर्यंत त्या थांबल्या. मग चपला काढून पिशवीत घातल्या, पुरचुंड्या दोन्ही हातांत घेतल्या आणि चालू लागल्या. रस्त्याच्या मधून नाही, एका कडेनं. बाजूला आणखी एकजण चालू शकेल एवढी जागा सोडून.