शिव्यांची वही

आमच्या धुलाई विभागात तोंडाने शिव्या द्यायला बंदी आहे आणि ती मीच घातली आहे. मी इथली सुपरवायझर. आमचा विभाग इस्पितळाच्या तळघरात आहे, आणि छतातून जाणारा हवेचा मोठा पाइप वर थेट मुलांच्या वॉर्डात उघडतो. एके सकाळी वरच्या हेडनर्सबाई जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, "आमची पाच वर्षांची पेशंट काल तीन नवे शब्द शिकली. तुमच्याकडून." तिन्ही शब्द माझे होते. मी मान खाली घालून चादरी मोजत राहिले.

पण मला हे शब्द ज्याने बोलायला लावले त्याच्याबद्दलही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे चादरींना इस्त्री करून घड्या घालणारं एक मशीन आहे. त्याच्या आधीचं बावीस वर्षं निमूट राबलं. मग हे आलं, भिंतीएवढं, काचेच्या पडद्याचं, आणि आल्या दिवसापासून याचे रुसवेफुगवे. आम्ही त्याला जाऊबाई म्हणतो. नाव कुणी ठेवलं ते सांगत नाही, माझी खरीखुरी जाऊ वाचायची.

जाऊबाईचं काम तसं सरळ आहे. समोर उभं राहून चादरीची दोन टोकं चिमट्यांत द्यायची, चादर तापलेल्या रुळांमधून जाते आणि पलीकडे घडी होऊन पडते. गेल्या वर्षी ती बनवणाऱ्या कंपनीने परस्पर, आम्हाला न विचारता, तिच्यात नवं सॉफ्टवेअर घातलं. तेव्हापासून ती मध्येच थांबायला लागली. रूळ चादरीवर तसेच उभे, अर्ध्या मिनिटात चादरीवर तपकिरी पट्टा, आणि पडद्यावर लाल अक्षरात: चालकाची चूक. मग बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा चालू करा. सात मिनिटं गेली.

कंपनीला फोन केला की संगीत ऐकायचं. संगीत संपलं की एक गोड आवाज तक्रारीचा नंबर द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मेल यायची की आपली समस्या सुटली आहे. अशा एकोणीस समस्या त्यांनी सोडवल्या. जाऊबाई थांबायची ती थांबायचीच.

बरं, थांबते ती थांबते, वर नाव माणसाचं लावते. कामगाराने आपलं कार्ड लावल्याशिवाय ती सुरू होत नाही, त्यामुळे प्रत्येक 'चूक' कुणाच्या तरी कार्डावर चढते आणि तिथून इस्पितळाच्या कार्यालयात जाते. चादरींचं बहुतेक काम सकाळच्या पाळीत, आणि सकाळी मशीनवर असतात मावशी. एकतीस वर्षं त्या चादरी लावतायत. त्यांच्या हातची चादर वाकडी गेलेली मी पाहिली नाही. त्यांच्या कार्डावर एकसष्ट चुका जमल्या आणि कार्यालयातून पत्र आलं: चौकशी होईल, चुका सिद्ध झाल्या तर कामावरून कमी करण्यात येईल. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

तर, शिव्या. बंदी घातली खरी, पण माणसांच्या आत साचलेलं कुठेतरी जायला हवं ना. म्हणून मी जाऊबाईच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगली. जाऊबाई थांबली की तोंड मिटायचं आणि वहीत लिहायचं. एका थांब्याला एकच शिवी. शेजारी ती कधी थांबली आणि कधी उठली ते लिहायचं, म्हणजे वाया गेलेली सात मिनिटं मी जेवणाच्या सुट्टीत परत देईन. हे सुट्टीचं आमिष नसतं तर वेळ कुणी लिहिली नसती.

लोकांनी काय काय लिहिलं! 'तुझ्या वायरी उंदीर कुरतडोत.' 'भंगारात जाशील त्या दिवशी नवी साडी नेसून येईन.' 'ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याला जन्मभर ओल्या मोज्यांत चालावं लागो.' हे शेवटचं माझं. फक्त मावशी शिवी लिहीत नसत. त्यांच्या गोल अक्षरात दर वेळी एकच वाक्य असायचं: 'मी काही केलं नाही.'

मावशींच्या नावाचं पत्र आलं त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर ग्राहकांनी मत लिहायची जागा आहे. तिथे मी लिहिलं: 'नव्या सॉफ्टवेअरनंतर मशीन आपोआप थांबतं, चादर जाळतं आणि आळ माणसावर घेतं. हे मशीन खोटं बोलतं.' एक तारा दिला. शून्य द्यायची सोय नव्हती.

नऊ दिवसांत नोटीस आली, बदनामीच्या दाव्याची, सत्तावीस पानांची. मशीन बघायला यांच्याकडे वर्षभर एक माणूस मोकळा नव्हता, पण दावा लावायला चार वकील होते. चौघांच्या सह्या होत्या. सोबत माफीनाम्याचा मसुदाही, तयारच. 'सर्व थांबे कर्मचाऱ्यांच्या चुकीने झाले असून माझे विधान निराधार होते.' खाली सही केली की दावा मागे. नाही केली तर मशीनविषयी आमच्याकडे असलेला लिहिलेला प्रत्येक कागद हजर करा.

माझा मामेभाऊ वकील आहे. घरमालक आणि भाडेकरूंची भांडणं, एवढंच त्याचं जग. नोटीस वाचून त्याची पाचावर धारण बसली. वही वाचून तर तो घामाघूम झाला.

"ताई, ही वही म्हणजे त्यांना आयतं कोलीत. पानोपानी द्वेष आहे. ओले मोजे काय, उंदीर काय! सही करून टाक."

"आणि मावशी?"

"मावशींचं इस्पितळ बघेल. तुझ्या घरात शिकणारी दोन मुलं आहेत."

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मसुदा मावशींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून सगळं वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"कर गं सही. माझे काय, चौदाच महिने राहिलेत."

"तुमच्या माथी खोटा आळ येतोय मावशी. एकतीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"नावाचं काय घेऊन बसलीस पोरी." त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "असेलही माझी चूक. एवढं मोठं मशीन उगीच कशाला म्हणेल?"

हे ऐकून मला कसंसंच झालं. पत्राने, नोटिशीने झालं नव्हतं तितकं. मावशींनी रडावं, भांडावं, मला चाललं असतं, पण 'असेलही' म्हणावं हे मला सहन होईना. मी मसुद्याचे चार तुकडे केले आणि भावाला फोन केला की वही देऊन टाक.

न्यायालयाने दोन्ही पक्षांना आधी मध्यस्थीला बसवलं. एक लांबट टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मध्यस्थ म्हणजे एक निवृत्त न्यायाधीशबाई, लहानखुऱ्या, सोबत चहाचा थर्मास. पलीकडे कंपनीच्या वकीलबाई आणि एक चष्मेवाला इंजिनिअर. तो तांत्रिक प्रश्न आलेच तर म्हणून आणला होता आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा बसला होता. अलीकडे मी आणि माझा भाऊ. मावशींना साक्षीसाठी बोलावलं होतं, त्या बाहेर बाकावर.

वकीलबाईंनी वहीची प्रत उघडली. हेतू सिद्ध करायचा होता त्यांना. एकेक शिवी त्या स्वच्छ, खणखणीत उच्चारात वाचू लागल्या. "भंगारात जाशील त्या दिवशी नवी साडी नेसून येईन." मध्यस्थबाईंनी घाईने चहाचा घोट घेतला. "ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याला जन्मभर ओल्या मोज्यांत चालावं लागो." इंजिनिअरने पाय खुर्चीखाली ओढले. माझ्या भावाने कपाळ हातात घेतलं.

"मी काही केलं नाही," वकीलबाईंनी वाचलं. पान उलटलं. "मी काही केलं नाही." त्या शिव्या शोधत पुढे गेल्या, पण सकाळच्या पाळीचं ते वाक्य सारखं मध्ये येत होतं. चौथ्यांदा वाचताना त्यांचा आवाज जरा उतरला.

"हे कुणाचं?" मध्यस्थबाईंनी विचारलं.

"बाहेर बसल्यात त्यांचं," मी म्हणाले. "एकसष्ट वेळा आहे. सगळी वाचा."

तेवढ्यात इंजिनिअरने हात पुढे केला. "मला ते पान बघू द्याल का? वेळा लिहिल्यात त्याच्यावर?"

त्याने प्रत ओढून घेतली आणि खिशातून पेन काढलं. उठली सहा पाच, थांबली सात पस्तीस. उठली सात बेचाळीस, थांबली दहा बेचाळीस. उठली दहा एकोणपन्नास, थांबली बारा एकोणीस. तो समासात आकडे मांडत गेला. पान उलटलं, पुन्हा मांडले. ही वही मी शंभरदा वाचली असेन, पण शिव्यांसाठी. वजाबाकी करायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नव्वद मिनिटं," तो म्हणाला. "नाहीतर एकशे ऐंशी. प्रत्येक वेळी."

"तुम्ही बोलू नका," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

त्याने तो हळूच बाजूला केला. "बोलू द्या. वर्षभर मी याचं कारण शोधतोय. मशीन बंद केलं की त्याची आतली नोंद पुसली जाते, त्यामुळे कधी सुरू झालं आणि कधी थांबलं हे माझ्याकडे एकत्र कधी आलंच नाही. ते इथे आहे." तो मध्यस्थबाईंकडे वळला. "मशीन दर नव्वद मिनिटांनी कंपनीला माहिती पाठवतं. नेट मंद असलं की पाठवता पाठवता अडकतं, आणि रूळ थांबतात. माणसाचा संबंधच नाही."

"मग पडद्यावर 'चालकाची चूक' कुठून येतं?"

चष्मा काढून त्याने टेबलावर ठेवला.

"कारण सापडलं नाही तर तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी भरावं लागतं. म्हणून तिथे आपोआप ते पडतं. मीच घातलं होतं. घाई होती, नंतर बदलू म्हटलं. ते ओले मोजे माझेच, बाई."

मी उठून उभी राहिले. हेडनर्सबाईंना लाज वाटेल असे सगळे शब्द माझ्या जिभेवर रांग लावून उभे होते, आणि भावाने माझी बाही घट्ट धरली होती. पण त्या मुलाचा चेहरा बघितला आणि माझा राग कुठे ठेवावा तेच कळेना. चार वकिलांच्या सत्तावीस पानांत जे नव्हतं ते हा एकटा, नोकरी पणाला लावून सांगत होता. "मावशींना आत बोलवा," एवढंच मी म्हणाले.

मावशी आल्या, पिशवी छातीशी धरून. इंजिनिअर उभा राहिला आणि त्याने त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत, अडखळत. मावशींनी मध्ये एकदाही 'हं' केलं नाही. आयुष्यभर खालच्या पट्टीत बोललेल्या त्या बाईचा आवाज मग असा काही चढला की दारातला शिपाई डोकावला.

"तोंडी नको मला. लिहून दे. माझं नाव घालून लिही."

"कंपनीच्या परवानगीशिवाय असं लेखी—" वकीलबाईंनी सुरुवात केली.

"माझ्यावर आळ घेताना माझी परवानगी घेतली होती?"

मध्यस्थबाईंनी आपल्या वहीतला एक कोरा कागद फाडला आणि इंजिनिअरपुढे ठेवला. त्याने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याला दिलं. त्याचं समासात आकडे मांडता मांडता संपलं होतं.

पुढे दावा मागे घेतला गेला. इस्पितळाने मावशींचं पत्र रद्द केलं. महिनाभरात नवं सॉफ्टवेअर आलं, ते घालायला तो इंजिनिअर स्वतः आला आणि आता कारण सापडलं नाही की पडदा सरळ 'कारण माहीत नाही' म्हणतो. जाऊबाई अजून कधीमधी रुसते, पण आळ घेत नाही. हे सगळं मात्र नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

बाहेर व्हरांड्यात मावशी कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. भाऊ आनंदाने ज्याला त्याला फोन करत सुटला होता. मी म्हटलं, "चला मावशी, कुठेतरी बसून चहा घेऊ. आज मी पाजते."

"नको गं. घरी जाते."

"एवढी काय घाई?"

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत नीट खाली ठेवली. मग स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मुलीकडे बाळ झालंय ना, आठ महिन्यांचं. तीन महिने मी त्याला उचललंच नाही. मुलीला सांगायचे, कंबर दुखते. कंबर कसली! मला वाटायचं, चादरसुद्धा धड धरता येत नाही आता मला, पोर हातातून सुटलं तर?"

त्यांनी माझ्या गालाला हात लावला, पिशवी खांद्याला अडकवली आणि जिना उतरायला लागल्या, कठड्याला न धरता.