रेघ आली की थांबायचं

जयवंत सावंत कुठलीही कथा छापायला देण्याआधी बायकोकडून वाचून घेत. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत बाईची वाक्यं रत्नप्रभा वाची, पुरुषाची ते स्वतः. नियम ठरलेले होते. रेघ आली की मध्येच तुटायचं, तीन टिंबं आली की आवाज विरू द्यायचा, आणि एकेरी अवतरणातलं मनातलं असतं, ते वाचायचंच नाही.

त्या संध्याकाळी रत्नप्रभाने कागद खाली ठेवला. "अहो, डॉक्टरांनी गाठ काढायला सांगितलीय. उद्या भरती व्हायचंय. तुम्ही सोबत याल ना?"

जयवंतांनी चमकून वर पाहिलं. "परत म्हण."

"डॉक्टरांनी गाठ काढायला..."

"बस, बस! पूर्ण वाक्य मेलेलं वाटतं गं." त्यांनी तिचं वाक्य कथेत उतरवलं आणि 'गाठ' या शब्दापाशी रेघ ओढली. "झकास! नवरा इथेच तिला तोडतो. वाचणाऱ्याची वाट लागेल बघ."

"मी खरंच विचारतेय."

"उद्या प्रेसला द्यायचीय ना कथा! शेजारच्या मालनताईंना ने. बरं, आता तिच्या मनात काय येतं, सांग."

"काही नाही."

तेही त्यांनी एकेरी अवतरणात घातलं.

सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "निघते मी. काही झालंच तर—"

सवयीने ती तिथेच थांबली, त्यांनी तोडावं म्हणून. जयवंत कथेवर शेवटची नजर फिरवत होते. त्यांनी तोडलंसुद्धा नाही.