बारक्याचा पाय

गुंजनने थर्माकोलचा डबा उघडला तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, "हे खाचं होय का पाळाचं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं सगळं मी निमूटपणे ऐकून घेतलं.

डब्यात वीतभर लांबीचे दोन जीव होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल झुबके, चार आखूड पाय, मासोळीसारखी शेपूट. एक काळसर, एक पांढरा. तोंडं अशी फाकलेली, की आमच्या मुर्री गावाला यायला मिळालं म्हणून दोघं धन्य झाले असावेत. ॲक्सोलॉटल म्हणतात त्यांना. माझ्या लेकीने नागपूरला शिकताना पाळले. मग तिला पुण्यात नोकरी लागली, तिथली घरमालकीण नको म्हणाली, आणि दोघे आले बापाच्या गळ्यात.

"बाबा, तुम्ही नियमाचे पक्के म्हणून तुमच्याकडे देऊन राहिले," जाताना गुंजन म्हणाली.

मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. नियम म्हटले की मला हुरूप येतो. तिने सांगितलेलं सगळं मी पुठ्ठ्यावर लिहून टाकीशेजारी टांगलं. पाणी थंड हवं, वीस डिग्रीच्या खाली. तळाला गोटे नकोत, हे गिळतात. सोबत दुसरे मासे नकोत. लपायला दोघांना दोन पाइप. खाणं चिमट्याने, एकाला या टोकाला, दुसऱ्याला त्या टोकाला. आणि मुख्य म्हणजे दोघं आकाराने सारखे हवेत आणि दोघांचं पोट भरलेलं हवं. यांना धड दिसत नाही. भूक लागली की समोर हललं ते धरायचं, मग ते गांडूळ असो की सोबत्याचा पाय.

बैठकीत मी एसी बसवला. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि टाकीत सोडायच्या, हा माझा रोजचा उद्योग झाला. रविता, माझी बायको, म्हणायची की तिच्या बाळंतपणात मी याच्या निम्मीही धावपळ केली नव्हती. खरं होतं ते.

आता भाऊबद्दल सांगायला हवं. सांगायची इच्छा नाही, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चैतराम माझा सख्खा मोठा भाऊ. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडेच राहतो. कामठ्याची शेती तोच पाहायचा. चार वर्षांपूर्वी मळणीच्या दिवसांत आम्ही पुंजणं, म्हणजे धानाच्या गंज्या, मोडून पेंड्या थ्रेशरमध्ये घालत होतो. एक पेंडी अडकली. भाऊ म्हणाला, बंद कर. मी ट्रॅक्टरवर होतो, बंद केलं. त्याने हात आत घालून पेंडी ओढायला सुरुवात केली आणि माझा फोन वाजला. कॉलर ट्यून लावायची का, असं एक बाई विचारत होती, तीही रेकॉर्ड केलेली. तिचं ऐकता ऐकता मी मशीन चालू करायचा दांडा ओढला. भाऊने 'चालू कर' म्हटलं असं मला वाटलं. त्याने काहीच म्हटलं नव्हतं.

उजवा हात मनगटापासून गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं, सगळ्या सोयऱ्यांनी विचारलं. भाऊने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "चालू मशीनमंधी मीच हात घातलो." मी शेजारी उभा होतो. मी मान खाली घातली आणि लोक म्हणाले, धाकट्याचा जीव किती तुटतो पाहा भावासाठी. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर एक अक्षर बोललो नाही. मी त्याच्या गोळ्या आणायचो, त्याचं ताट आधी वाढायला लावायचो, सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायचो. तो लावू द्यायचा, समोर भिंतीकडे पाहत. मग मागच्या पडवीत खाटेवर जाऊन बसायचा तो दिवस मावळेपर्यंत. त्याने एकदा माझ्याशी पूर्वीसारखं बोलावं, एवढंच मला हवं होतं. चार वर्षं मी त्यासाठी त्याच्या मागेपुढे फिरत होतो, फक्त जे करायला हवं होतं ते सोडून.

जानेवारीत मी दोन दिवस ट्रेनिंगला गेलो आणि परत येऊन पाहतो तर पांढऱ्याचा पुढचा डावा पाय कोपरापासून गायब. माझ्या हातातून चिमटा पडला. मी लगेच गुंजनला फोन लावला, स्पीकरवर.

"घाबरू नका बाबा," ती म्हणाली. "परत येते त्यांचा पाय. पूर्ण येते, बोटांसकट."

भाऊ लोटा घेऊन मागे निघाला होता. तो दारात थांबला.

"का म्हणते पोरगी? वापस येते?"

कितीतरी महिन्यांनी त्याने मला काही विचारलं होतं. मी म्हणालो, "हव, येते म्हणते." त्याने लोटा खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसला.

त्या दिवसापासून भाऊची पडवी सुटली. काळ्याचं नाव त्याने मोठा ठेवलं, पांढऱ्याचं बारका. आधी बारक्याच्या कोपराशी गुलाबी टेंगूळ आलं, मग ते चपटं झालं, मग त्याला खाचा पडल्या. मी शाळेतून येऊन घरात शिरायच्या आत तो दारातूनच हाक मारायचा, "योगराज, बोटं फुटली, पाह!" आम्ही दोघं काचेला नाक लावून बोटं मोजायचो. चार होती. मार्चपर्यंत पाय असा झाला, की कुठला जुना आणि कुठला नवा ते सांगता येऊ नये. मग भाऊ म्हणाला, यांचं खाणं-पिणं मी पाहतो. डाव्या हाताने खुरपं धरून तो गोठ्यामागची ओली माती उकरायचा आणि करवंटीत गांडुळं गोळा करायचा. अपघातानंतर त्याने हातात घेतलेलं ते पहिलं काम होतं. मला इतका आनंद झाला, की मी शाळेत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगता येईना.

मधल्या काळात मोठा फारच वाढला होता. गुंजन म्हणाली, आता दोघांना वेगळं ठेवा, निदान मध्ये पार्टिशन टाका. मी काचवाल्याकडून भोकं पाडलेली ॲक्रेलिकची पाटी कापून आणली आणि टाकीच्या मधोमध बसवली.

"कायले पण?" भाऊ म्हणाला. "राहू दे ना सोबत."

"नियम आहे," मी म्हणालो. तो करवंटी घेऊन मागे गेला.

एप्रिलमध्ये बारक्याचा मागचा पाय गेला. पार्टिशन जागच्या जागी होतं. मी पट्टी घेऊन फटी मोजल्या. बारक्याचं बोटही पलीकडे जाऊ नये, एवढीशी फट. मी उन्हाला दोष दिला, लाइट जाते म्हणून वीज कंपनीला शिव्या घातल्या, काचवाल्याशी भांडून आलो. जूनमध्ये पुन्हा पुढचा पाय गेला. आणि खरं तेच सांगतो, पाय गेला की मला वाईट वाटायचं, पण भाऊ पुन्हा नव्याने बोलायला लागायचा म्हणून आतून बरंही वाटायचं. तो माझ्यासोबत बैठकीत जेवायला बसायचा. एकदा तर लहानपणी आम्ही गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, मासे धरताना मी कसा चिखलात रुतलो होतो, ते सांगून हसला.

आमच्यात धाकट्या सुनेने भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी बोलायचं नसतं. पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूने निघून जायचं. पंचवीस वर्षांत रविताने भाऊशी एक वाक्य बोललेलं नाही. त्यामुळे तिने जे दोन महिने पाहिलं, ते त्याला विचारायची सोय नव्हती, आणि मला सांगायचं तर भासऱ्याची चुगली. शेवटी तिलाच बारक्याकडे पाहवेना. एका सकाळी डबा भरताना ती म्हणाली, "तुमचे भाऊ गांडुळं कुठी टाकतेत, ते पाहून घ्या एकडाव."

मी त्या दिवशी मधल्या सुट्टीत घरी आलो. मागच्या दाराने. भाऊने पपईच्या झाडाखाली करवंटी उलटी केली, पायाने माती सारली आणि आत गेला. मी मागोमाग गेलो. त्याने डाव्या हाताने पार्टिशन वर ओढलं, निथळू दिलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि खुर्चीत बसला.

"भाऊ, हे का करून राहिला तू?"

तो दचकला नाही. "बस," म्हणाला.

"किती दिवसांचे उपाशी आहेत?"

"तीन."

"काऊन पण? पाय येते म्हणून तोडू द्याचा का?"

"पायाचं नाही राजा. पाय येते, ते पहिल्याच डावी पाहिलो." त्याने टाकीकडे बोट केलं. मोठा आणि बारका एव्हाना एका कोपऱ्यात एकमेकांवर मान टाकून पडले होते. "हा त्याचा पाय खाते. अन् घंटाभरानं दोघं एकाच पायपात झोपतेत. तो भेत नाही, याले काही वाटत नाही. दोन डाव पाहिलो. कसे विसरतेत, ते मले अजून समजलं नाही."

मग तो माझ्याकडे वळला. चार वर्षांत त्याने माझ्या डोळ्यांत असं सरळ पाहिलं नव्हतं.

"मले नाही जमलं, योगराज," तो म्हणाला. "लय पाहिलो करून."

तो थांबला होता. माझ्यासाठी थांबला होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की भाऊ, दांडा मी ओढला. घशापर्यंत आलंही. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पण गुंजननं सांगितलं होतं ना भाऊ, दोघं सारखे नसले तर सोबत ठेवाचे नाही." पुठ्ठ्यावरचं वाचून दाखवल्यासारखं.

भाऊ जरासा हसला. "हव," म्हणाला, "सांगितलं होतं." आणि उठून पडवीत गेला.

त्याच रविवारी मी गोंदियाच्या बाजारातून दुसरी टाकी आणली. मोठा एकीकडे, बारका दुसरीकडे. आता सगळं नियमाप्रमाणे होतं. खाणं मी स्वतः घालायचो. पाऊस लागला, धानाची रोवणी झाली, बारक्याचा पाय भरून आला. गुंजनला फोटो पाठवला तर तिने टाळ्यांची चित्रं पाठवली.

भाऊ मात्र बैठकीत फिरकला नाही. मी पडवीत जाऊन सांगायचो, "भाऊ, बोटं फुटली, चाल ना पाहाले." तो म्हणायचा, "पाहिलो आहे." जेवण पुन्हा खाटेवर. आणि एका सकाळी मी बटणं लावायला गेलो तर त्याने शर्ट घातलाच नव्हता. बिनबटणाची बंडी घातली होती. दुसऱ्या दिवशीही तीच. तिसऱ्या दिवशी दोरीवर अशा तीन बंड्या वाळत होत्या. कोणाकडून तरी त्याने बाजारातून मागवल्या होत्या. मी नव्हत्या आणल्या.

त्या बंड्या पाहून माझं डोकं फिरलं. एवढं तरी काम माझ्याकडे होतं.

पोळ्याच्या आधी रविता सौंदडला माहेरी गेली. मी तीन दिवस दोघांना खायला घातलं नाही. करवंटी भरायचो आणि नेऊन पपईखाली उलटी करायचो. चौथ्या दिवशी सुट्टी होती. सकाळचा चहा झाल्यावर मी बारक्याला जाळीत उचललं आणि मोठ्याच्या टाकीत सोडलं. बोलण्यापेक्षा हे सोपं होतं. भाऊची खुर्ची मी फडक्याने पुसून टाकीसमोर ठेवली.

"भाऊ," मी हाक मारली, "ये ना जरा इकडे."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो आला. खुर्चीकडे पाहिलं, रिकाम्या टाकीकडे पाहिलं, मग भरलेल्या. मोठा तळाशी बारक्याच्या दिशेने एकेक पाय टाकत निघाला होता. भाऊ बसला नाही. त्याने जाळी घेतली, डाव्या हाताने बारक्याला अलगद काढलं आणि त्याच्या टाकीत नेऊन सोडलं. पाय शाबूत होते, चारही. भाऊने जाळी झटकली आणि जागेवर टांगली.

"त्या दिवशी चुकीनं झालं होतं," तो म्हणाला. "ते मले तवाच माहीत होतं. म्हणून तर लोकाईले माहं नाव सांगितलो. आज तू समजून केला, योगराज."

तो दाराकडे वळला. आणि तेव्हा, चार वर्षांनी, माझं तोंड उघडलं.

"भाऊ, दांडा मी ओढला होता."

तो थांबला, पण वळला नाही.

"मले माहीत आहे," म्हणाला. "आता कायले सांगून राहिला?"