सोप्यातले टेकू

नव्याण्णवचा उन्हाळा होता. एका संध्याकाळी माझे वडील, दादा, नव्या स्लॅबवर चढून पाणी मारत होते. एसटीतून निवृत्त झाल्यावर कौलं उतरवून स्लॅब घालायचा, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवलं होतं. शेजारच्या मेहमुदाभाभींना त्यांनी वरूनच सांगितलं, की आमच्यात रंकाळा तलाव आलाय, पोहायला या. भाभी म्हणाल्या, आधी शिडी धड उतरून दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते खुर्चीतच कलंडले.

दवाखान्यातून त्यांना आणलं तेव्हा सोप्यात, पुढच्या खोलीत, स्लॅबखालचे टेकू दाटीनं उभे होते. महिनाभर टेकूंना हात लावायचा नाही, असं स्लॅब घालणाऱ्या पिराजी मिस्त्रींनी बजावलं होतं. पण मिस्त्री गडहिंग्लजला गेले होते आणि देह ठेवायला जागा नव्हती. जोतीरामकाका म्हणाले, "माझ्या भावाला गल्लीत ठेवायचं व्हय?" माणसांनी मधले टेकू काढले. तिथंच बुद्धवंदना झाली. जागा पुरली.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मिस्त्री आले. छत मध्ये खाली आलं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चीर गेली होती. सिमेंट खाल्लंस म्हणून काकांनी आवाज चढवला. टेकू कुणी काढले, एवढंच मिस्त्रींनी विचारलं. काका बाहेर जाऊन उभे राहिले. हे फोडून नवीन घालायला लागेल, तोवर खाली कुणी झोपू नका, असं मिस्त्रींनी मला सांगितलं.

आई तिथंच झोपत होती. दादांना ठेवलं होतं त्याच जागी तिचं अंथरूण होतं. आत चल म्हटलं, तर म्हणाली, त्यांनी घातलेला स्लॅब त्यांना विचारल्याबिगर फोडायचा न्हाय. मी मिस्त्रींना पुढच्या आठवड्यात या म्हणाले. तो आठवडा आला, तेव्हा पुन्हा पुढच्या. छताची पडलेली खडी रोज झाडून काढत राहिले. दादा गेल्याचे फोन पाहुण्यांना भाभींनी केले होते, भेटायला येणाऱ्यांशी काका बोलत. मी पाणी द्यायची.

एके सकाळी आईच्या उशीवर सिमेंटचा ढलपा पडला होता. तो बाजूला सारून ती वेणी घालत बसली होती. मिस्त्री दारात होते.

"दादास्नी विचारलंस का?" आईनं मला विचारलं.

"दादा मेले, आई," मी म्हणाले. "ऊठ आता तिथनं."