साहेबांच्या वरची ओळ

मी उमरग्याच्या एका कॉलेजातला राउटर बोलतोय. तुमच्या घरात कोपऱ्यात लुकलुकणारा अँटेनांचा डबा वेगळा आणि मी वेगळा, हे आधीच सांगून ठेवतो. मी लोखंडी कपाटात बसतो. कॉलेजातला एकही कॉम्प्युटर माझ्या परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकू शकत नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतात ते हायवेवरचे ट्रकचे धक्के, आणि खोकं उघडल्यावर दिसलेले वीरप्पा. वीरप्पा इथले लॅब असिस्टंट. कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं. त्यांनी मला पुसून कपाटात बसवलं आणि दसऱ्याला कुंकवाचं बोट लावून झेंडूचं फूल वाहिलं. ते फूल पंख्यात अडकून मी दिवसभर तापलो, ते जाऊ द्या. माणूस जीव लावणारा.

माझं काम दारावरच्या पहाऱ्याचं. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, याची यादी मला दिलेली असते. मी ती वरून वाचत येतो. ज्या ओळीत समोरच्याचा उल्लेख सापडेल, तिथं लिहिलंय तसं करतो आणि थांबतो. खाली काय आहे ते बघतच नाही. अख्ख्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याला दार बंद. हातापाया पडलात तरी बंद. मला दयामाया नाही, यादी आहे. याचा मला लई अभिमान होता.

माझी यादी वीरप्पांनी लिहिलेली. ओळ एक, प्राचार्य साहेबांची खोली: कुठंही जाऊ दे. ओळ दोन, ऑफिस: जाऊ दे. ओळ तीन, लॅब: कुठंच जाऊ देऊ नको. कारण पोरं तासाला मॅच बघत बसायची.

आता वीरप्पांची खोड सांगतो. गल्लीतल्या साऱ्या लग्नपत्रिकांचा मजकूर त्यांच्या हातचा. थोरल्यांची नावं वर, मग मानाप्रमाणं बाकीचे, मागून आठवलेला पाहुणा तळाला. एकदा मध्येच एक नाव घुसवल्यानं कुणाचा तरी चुलता खाली गेला आणि भर मांडवात रुसवाफुगवी झाली. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. नवीन नाव आलं की शेवटी, मध्ये घुसवायचं नाही.

यंदा आमच्या लॅबमध्ये नर्सभरतीची ऑनलाइन परीक्षा आली. परीक्षा घेणाऱ्या कंपनीनं ज्ञानेश्वरी नावाची मुलगी पाठवली. तामलवाडीच्या मेंढपाळाची लेक, बोलायला तिखट, कामाला चोख. आदल्या दिवशी तिनं माझी यादी काढून ठेवून सराव घेतला, सगळं सुरळीत चाललं. जाताना म्हणाली, "मामा, यादी परत लावा. आणि लॅबला फक्त परीक्षेच्या सर्व्हरकडं जाऊ द्यायची एक ओळ त्यात घाला." वीरप्पांनी यादी लावली आणि ओळ घातली. कुठं? तळाला. चौथी.

सकाळी चाळीस जणी लॅबमध्ये बसल्या. चौदा नंबरवर मुरूम गावची दीपमाला. नववा महिना, खुर्ची मागं सरकवून बसावं लागलं बिचारीला. दहा वाजले. चाळीस पडद्यांवर नुसतंच चाक फिरत राहिलं.

फिरणारच. चाळीसही कॉम्प्युटर माझ्या दारात धडका मारत होते. मी वाचायचो: एक, नाही, दोन, नाही, तीन, लॅब, अडव. अडवलं. चौथ्या ओळीपर्यंत मी पोचतच नव्हतो.

कंपनीचा फोन आला. साडेदहापर्यंत पेपर सुरू झाला नाही तर केंद्र रद्द. नवी तारीख पुढच्या महिन्यात, लातूरला. ते ऐकून दीपमाला दारापर्यंत आली. "ताई, पुढच्या महिन्यात म्या बाळंतिणीच्या खाटंवर असंन. रात्रपाळ्या करून अभ्यास केलाय वो. आजचं गेलं तर गेलंच की."

"तुम्ही बसा, ताई. पाणी प्या," ज्ञानेश्वरी म्हणाली.

दहा वाजून बारा मिनिटं. तिनं लॅपटॉप माझ्या ऑफिसकडच्या मोकळ्या भोकात जोडला, म्हणून दुसऱ्या ओळीनं मी तिला आत घेतलं. कुठल्या ओळीवर किती जण आले, याचा आकडा मी प्रत्येक ओळीपुढं ठेवतो. तेवढंच मला बोलता येतं. तिसरीपुढं हजारांत आकडा, चौथीपुढं शून्य. बघ पोरी, बघ, असं मी जीव तोडून म्हणत होतो.

तिनं बघितलं. "मामा! ही ओळ खाली का घातली?"

"मागून आली म्हणून. साहेबांच्या वर कसं घालणार?"

"अहो, हा पत्रिका वाचत न्हाय! वर अडवलं की संपलं त्याचं!"

मध्ये घालायचं, तर एक-दोन-तीन असे आकडे खेटून दिलेले, जागाच नव्हती. यादी काढून टाकली, तर लॅब सगळ्या जगाला मोकळी होणार आणि परीक्षेचा प्रोग्राम केंद्रच बाद करणार. म्हणून तिनं बाजूला नवी यादी लिहायला घेतली. पहिली ओळ परीक्षेची.

"साहेबांच्या वर?" वीरप्पांनी विचारलं.

"व्हय मामा. साहेबांच्या वर."

दहा एकवीसला तिनं जुनी यादी उतरवून नवी चढवली, एका फटक्यात. आणि तिचा लॅपटॉप गोठला. तिनं कपाळावर हात मारला. "मेले! काहीच लागलं न्हाय!"

लागलं होतं गं! पण घाईत तिनं नव्या यादीत ऑफिसची ओळ, म्हणजे स्वतःलाच, घेतलं नव्हतं, म्हणून मी तिला बाहेर काढलं होतं. लॅबमध्ये प्रश्न पोचलेसुद्धा होते. हे फक्त मला ठाऊक, आणि मी मुका. ती रडकुंडीला येऊन लॅबकडं पळाली. चौदा नंबरवर दीपमाला पहिला प्रश्न वाचत होती.

सुटलो, असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण नवी यादी जपून ठेवायची राहिली होती. वीज गेली की मी न जपलेलं विसरतो. शुद्धीवर येताना मला जुनीच यादी आठवली असती. जपून ठेवायला ज्ञानेश्वरीला आत येता येईना, आणि थेट जोडायची निळी केबल तिच्या धाराशिवच्या ऑफिसात. दीड तास, एकेक उत्तर माझ्यातून जाणार. मी जागं राहायला हवं होतं.

पावणेअकराला वीज गेली. लॅबला जनरेटर होता, मी मात्र ऑफिसच्या जुन्या इन्व्हर्टरवर. माझा प्लग काढून तिकडं लावायचा, तर तेवढ्यात मी विसरलो असतो. अकरा वाजता इन्व्हर्टर ओरडायला लागला. त्याच्यावर माझ्याबरोबर प्राचार्य साहेबांचा कूलर, कॉम्प्युटर आणि टीव्ही.

"साहेबांना बंद करायला सांगा, मामा."

वीरप्पा गेले आणि तसेच परत आले. "मीटिंग चाललीय म्हणं. थांब म्हणाले."

टूं-टूं लांबायला लागली. माझा पंखा मंदावला. वीरप्पा माझ्याकडं बघत होते, मग भिंतीवरच्या साहेबांच्या खोलीच्या खटक्याकडं. एकोणतीस वर्षांत हा माणूस साहेबांसमोर खुर्चीवर टेकला नव्हता. त्यांनी हात जोडले आणि खटका खाली पाडला.

साहेब धावतच आले. "वीरप्पा! कुणी बंद केलं?"

"म्या केलं, साहेब. आत पोरी पेपर देतायत. काय करायचं ते नंतर करा."

साहेब लालबुंद. त्यांनी काचेतून लॅबमध्ये नजर टाकली. एक हात पोटावर ठेवून दीपमाला उत्तरं देत होती. साहेब तसेच माघारी गेले, आणि खटका खालीच राहिला. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी वीज आली. अकरा एक्कावन्नला शेवटचं उत्तर माझ्यातून गेलं.

दीपमालाला मी कोण ते ठाऊक नाही. पंधरा दिवसांनी मुलगी झाल्याचे पेढे आले. वीरप्पांनी एक माझ्या डोक्यावर ठेवला. मुंग्या झाल्या, पण मी रागावलो नाही.

आता मी थकलोय. नवा राउटर खोक्यात येऊन पडलाय, उद्या माझी जागा त्याची. मला भंगारात घाला, तक्रार नाही. एकच मागणं, यादी लिहाल तेव्हा कुणाचा मान किती हे बघू नका, कुणाचं काय अडेल ते बघा. आम्ही लिहिलेलंच पाळतो.

वीरप्पांनी नव्यासाठी यादी कागदावर उतरवून कपाटाला चिकटवलीय. सगळ्यात वर परीक्षेच्या पोरी, त्यांच्या खाली साहेब. आकडे दहा, वीस, तीस असे लांब लांब. काल शिपायानं विचारलं, "मामा, मध्ये एवढी जागा का सोडली?"

"मागून कुणी आलं तर लागंल की," वीरप्पा म्हणाले.