पुनाजीची रिकामी शिंकी

हिवाळा लागला की पुनाजीची नुसती चैन. रान कोरडवाहू, विहिरीचं नाव नाही. पावसाळ्यात दोडकी, काकड्या, भेंड्या पिकतील तेवढ्या पिकायच्या आणि बायको धुरपता त्या सिंदीच्या बाजारात नेऊन विकायची. दिवाळी सरली, वेल वाळले, की हा गडी मोकळा! सकाळी उन्हाला पाठ देऊन ओसरीवर बसायचं, अंबाडीची दोरी वळायची आणि तिची शिंकी विणायची. दूध-दही मांजरापासून वाचवायला आढ्याला टांगतात ना, ती. हात असा बसलेला की एक गाठ ढिली सापडायची नाही. आणि घरचं आढं भरलं की पुढचं शिंकं समोरून जो जाईल त्याला हाक मारून देऊन टाकायचं. पैसे विचारले तर हाच लाजायचा!

धुरपता कपाळाला हात लावायची. "घरात जिकडंतिकडं शिंकीच शिंकी, अन् ठेवाले त्याइच्यात काई नाई! लोकं हसून राह्यले, अजी."

"हसू दे ना. हसाले पैसे पडते काय?" पुनाजी म्हणायचा आणि पुढची गाठ मारायचा.

पण यंदा पौषात गंमत सरली. बोरं वेचताना धुरपताचा पाय मुरगळला तो असा की दोन बाजार बुडाले. सिंदीच्या बाजाराची रीत होती: लागोपाठ तीन बाजार जागेची पावती फाटली नाही, तर जागा दुसऱ्याची. धुरपताची जागा कडुलिंबाखाली, स्टेशनातून उतरलेलं गिऱ्हाईक आधी तिच्याच पुढ्यात यायचं. वीस वर्षं तिनं ती सांभाळली होती. हिवाळ्यात विकायला काही नसलं तरी वाळवलेली गवार, वाल असं काहीबाही नेऊन ती पावती फाडून यायची. यंदा आश्विनातल्या पावसानं वेलच सडले. वाळवायला काही उरलं नाही, राहिलं ते राखेत ठेवलेलं बियाणं. त्याला तर ती हात लावू देईना.

तिसऱ्या बाजाराच्या सकाळी ती रडायलाच आली. "गेली जी माही जागा! त्या ओळीत घरचाच माल लागते. काय न्यान तुमी?"

वीस वर्षांत पुनाजीनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आढ्याची सात शिंकी भराभर सोडली आणि खांद्यावर टाकली. "हे काय घरचं नोय?"

धुरपता डोळे पुसता पुसता हसली. "विकान काय पण? का वाटून यान?"

"विकतो. तुही आन."

बाजारात पोचेपर्यंत कडुलिंबाखालची अर्धी जागा पंचफुला नावाच्या बाईच्या पातीच्या कांद्यांनी व्यापली होती. गेल्याच साली लांबून या भागात नांदायला आलेली, तोंडानं तिखट. "तुमच्या बाईचा हा तिसरा बाजार, भाऊ," ती म्हणाली. "पावती नाई फाटली त् पुढच्या बाजारी मी पुरी पसरतो." पण कांदे तिनं सरकवले. पुनाजीनं गोणपाटावर शिंकी मांडली.

पावती फाडणारा सोनबा. त्याचा एक नेम होता, बोहणी झाल्याशिवाय तो कुणाकडून पावतीचा आणा घेत नसे. बिनबोहणीचा पैसा त्याला लाभत नाही म्हणे. नागपूरची पाशिंजर गेली की त्याची शेवटची फेरी. म्हणजे तोवर एक तरी शिंकं विकलं गेलं पाहिजे.

आणि घेणार कोण? पहिली बाई आली, हसली. "मले त् तुमी गेल्या हिवाळ्यातच देल्लं!" दुसरा म्हणाला, "माह्या घरी तीन हायेत, तुह्याच हातचे." तिसऱ्यानं तर सरळ एक उचललं, "बरं झालं आणलं, बाप्पा," आणि चालता झाला. पुनाजीच्या तोंडून पैसे मागायचा शब्द फुटेना. स्वतःचाच असा राग आला त्याला! फुकट वाटून वाटून पाच कोसांत एक गिऱ्हाईक शिल्लक ठेवलं नव्हतं लेकानं. ऊन कललं. धुरपताचे भरलेले डोळे आठवून त्यानं उरलेली शिंकी आणखी पुढं सरकवून मांडली.

तेवढ्यात पंचफुलानं एक शिंकं हातात घेऊन ओढून पाहिलं. "मजबूत हाये. आमच्या घरी मांजर दूध ठेवूच नाई देत. केवढ्याले?"

पुनाजीच्या जिभेवर 'घेऊन जाय ना, बाई' अगदी आलंच होतं. ते त्यानं आवंढ्याबरोबर गिळलं. "आठ आणे."

"आठ आणे? सोन्याचं हाये काय?"

"सहा."

"एक आणा देतो."

तेवढ्यात गावचे अण्णाजी तिथं टपकले. "काऊन रे पुनाजी, तू त् हे फुक…" पुनाजीनं झटक्यात तंबाखूची चंची त्यांच्या हातात कोंबली. "घ्या अण्णाजी, मोठा विडा लावा, मोठा!" अण्णाजींचं तोंड भरलं आणि बंद झालं.

पाशिंजरची शिट्टी वाजली. पुनाजी घाईनं म्हणाला, "चार!"

"दोन. नाई त् ठेवा."

"घे, बाई, घे!"

जिंकल्याच्या ऐटीत पंचफुलानं दोन आणे त्याच्या तळहातावर ठेवले. सोनबा समोर उभाच. "झाली का बोहणी, पुनाजी?"

"झाली ना. या बाईनंच केली."

पंचफुलानं सोनबाकडं पाहिलं, हातातल्या शिंक्याकडं पाहिलं. मग तिनं कपाळावर हात मारला आणि इतकी हसली की कांद्याच्या जुड्या घरंगळल्या. "माह्याच हातानं केलं, माय! फाडा, फाडा पावती. अन् भाऊ, पुढच्या बाजारी चार आणखी आणजा. आमचं गाव पडलं लांब, तिथं कोनाकडंच नाई."

दिवेलागणीला पुनाजी घरी आला. धुरपता दारातच बसली होती, पाय लांब करून. त्यानं पावती तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं, पण वीस वर्षांपासून त्या कागदाचा रंग ती ओळखत होती. तिनं तो उलटासुलटा केला, डोळ्यांना लावला.

"कोनं घेतलं जी?"

"पंचफुलानं."

"काय म्हंता!" आणि ती पाय विसरून उभीच राहिली, मग "अयाई" करत भिंत धरली.

पुनाजीनं उरलेली पाच शिंकी परत आढ्याला टांगली. धुरपता लंगडत आली, चुलीजवळच्या शिंक्याशी थांबली आणि घडी केलेली पावती तिनं त्यात ठेवली.

"राहू द्या तिथं," ती म्हणाली. "अन् उद्यापासून जरा मोठी विणजा. लहान कायले विणता?"