उलटी गेलेली तार

त्या कारखान्यातले कॉम्प्युटर शून्य आणि एक एवढ्यावर भागवत नसत. त्यांना तिसरा अंकही लागे, उणे एक. हे अंक साठवण्यासाठी मण्याएवढ्या चुंबकी कड्यांतून केसासारखी तार हाताने ओवावी लागे. ओवणाऱ्या पंधरा बायकांत सासूबाई सगळ्यांत जुन्या, बावीस वर्षं तेच काम करणाऱ्या. सून त्यांच्याच शब्दावर कामाला लागली होती आणि शेजारी बसायची.

सासूबाईंची नजर अधू होत चालली होती. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं, पण सुनेच्या लक्षात आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या हात धुवायला गेल्या की सून त्यांनी ओवलेली कड्यांची पट्टी भिंगाखाली धरी, चुकलेली तार सोडवून पुन्हा ओवी आणि चकार शब्द काढत नसे. मधे चार दिवस ती तापाने घरी होती.

दोन महिन्यांनी हवामान केंद्राची तक्रार आली. ऐन थंडीत यंत्र मधूनच उन्हाळ्याचं तापमान सांगत होतं. इंजिनिअर तिथे जाऊन पट्टी काढून घेऊन आला. एका जागी तार उलट्या बाजूने ओवली गेली होती. तिथे अधिक एकचं उणे एक होई आणि उणेचं अधिक. शून्य मात्र शून्यच राही, आणि तपासणीच्या वेळी नेमकं त्या जागी शून्यच होतं.

पट्टीवर ओवल्याची तारीख होती, पण दोघींच्या टेबलांचा मिळून एकच नंबर होता. कुणाची, असं त्याने विचारताच सून म्हणाली, "माझी." तिला त्याच दिवशी खोकी भरायच्या खात्यात पाठवलं.

घरी भांडी आवरताना सासूबाईंनी विचारलं, "तू घरी होतीस तेव्हाचीच पट्टी तेवढी चुकली. किती दिवस बघतेयस माझं काम?"

"वर्ष झालं, आई."

"आणि मी समजत होते, माझा हात अजून शाबूत आहे."

सकाळी त्या इंजिनिअरकडे गेल्या. पट्टी आपली आहे, तिच्यावरच्या तारखेला सून कामावरच नव्हती, हजेरी बघा, म्हणाल्या. त्याने बघितली. सून टेबलावर परत आली. त्याने सासूबाईंना नव्या मुलींना शिकवायला सुचवलं. मलाच दिसत नाही ते मी काय शिकवू, म्हणून त्यांनी खोकी मागून घेतली.

महिनाभर त्या सुनेशी कामापुरतंच बोलल्या. सुनेलाही वाटत राहिलं, की आपण त्यांना आधीच सांगायला हवं होतं. मग एक दिवस, तयार हो, डॉक्टरकडे जायचंय, एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी सुनेला बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या तिला. माझ्या डोळ्यांचं तिला माझ्याआधी कळलंय."

ऑपरेशननंतर एक डोळा सुधारला, दुसरा नाही. तोवर कारखान्यानेही इतरांसारखे शून्य आणि एक या दोनच अंकांचे कॉम्प्युटर बनवायला घेतले होते, आणि त्यांत तार ओवायचं काम उरलं नव्हतं. सून सुटे भाग जोडायला सोल्डरचा डाग द्यायला शिकली. ओवायची टेबलं रंगकाम करणारे शिडीऐवजी वापरू लागले.